शॉप ॲक्टवर नाव आहे, मग ट्रेडमार्क कशाला? घरगुती मसाल्याच्या नावाबद्दल सल्ला हवा

चुलीजवळची

नमस्कार मंडळी. मी सांगलीला विश्रामबागेत राहते. सासूबाई, मी आणि गल्लीतल्या दोघीजणी मिळून कांदा-लसूण मसाला करतो. सुरुवातीला उन्हाळ्यात ओळखीच्या घरांना वर्षाची चटणी करून देण्यापुरतंच होतं. आता बारा महिने पाकिटं जातात, निम्मी पुण्या-मुंबईला. शॉप ॲक्टची सूचना दिली आहे, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, अन्न परवाना आहे, ऑनलाइन विकायचं म्हणून जीएसटीही घेतला. सगळ्या कागदांवर नाव एकच, 'सांगली स्पेशल मसाले'.

परवा एका दुकानदारांनी फोटो पाठवला. हेच नाव, असंच लाल पाकीट, पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. पाकिटावरच्या नंबरावर फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ताई, याच नावाचं उद्यम आमच्याकडंबी आहे. तुमच्याकडं ट्रेडमार्क आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एवढे चार कागद असताना नाव माझं नाही का? नसेल तर हेच नाव ट्रेडमार्कला मिळेल का? की बदलावं? घरात दोन नावं सुचली आहेत. एक सासूबाईंचं घरातलं नाव, आणि दुसरं 'पेवघर', कारण सासरे हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांवर, कामाला होते. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

सह्याद्री_वारा

ताई, माल चांगला असेल तर गिऱ्हाईक शोधत येतं. ट्रेडमार्क वगैरे मोठ्या कंपन्यांची कामं. तेवढ्या पैशात एखादं चांगलं सीलिंग मशिन घ्या.

पुण्यात_सांगलीकर

नाव काहीही ठेवा, पण पुण्यात कुठं मिळतो तेवढं सांगा. इथं मसाल्याच्या नावाखाली नुसतं लाल तिखट विकतात.

हिशेबनीस

मी कराडला हिशेबाची कामं करतो. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

चारही कागदांची कामं वेगळी आहेत. शॉप ॲक्ट म्हणजे इथं आस्थापना आहे, एवढे लोक कामाला आहेत, हे शासनाला कळवणं. २०१७ च्या कायद्यापासून कामगार थोडे असले तर नुसती सूचना पुरते. उद्यम १ जुलै २०२० पासून सुरू झालं. ते आधारवर निघतं, फुकट आहे, आणि देताना तुमचं नाव आणखी कुणी लावतंय का हे कुणी पाहत नाही. जीएसटीच्या दाखल्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव असे दोन रकाने असतात. त्यातलं व्यापारी नाव तुम्ही लिहाल ते. अन्न परवाना खाण्याच्या सुरक्षिततेचा आहे. यातला एकही कागद नावाची मालकी देत नाही. त्यामुळं एकाच नावाची दोन उद्यम प्रमाणपत्रं निघू शकतात, आणि ताईंच्या बाबतीत निघालीच आहेत.

भागीदारी संस्थेची नोंदणी १९३२ च्या कायद्याखाली होते, तिचंही तसंच. ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. नावावरचा नोंदणीकृत हक्क त्याच कायद्यातून मिळतो.

आता खर्च. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका गटाला, ४५०० रुपये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम असलेला लघुउद्योग असेल तर ही फी, बाकीच्यांना ९०००. नोंदणी दहा वर्षांची असते, अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. दहा वर्षांत वाटले तर महिन्याला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. वारादादा, एवढ्यात सीलिंग मशिन येत नाही.

सह्याद्री_वारा

फी मान्य. पण वकिलाची फी कुठं धरली? आणि मुंबईच्या खेपा?

कराडकर_वकील

मी ट्रेडमार्कचीच कामं करतो, म्हणून थोडं जास्त लिहितो.

मुंबईच्या खेपांची काळजी नको. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाच्या हद्दीत येतात, पण अर्ज ऑनलाइन होतो, उत्तरं ऑनलाइन जातात आणि सुनावणी व्हिडिओवर होते. साधा अर्ज मालक स्वतःही करू शकतो. वकील लागतो तो आक्षेप आला की.

ताईंच्या नावाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. 'सांगली स्पेशल मसाले' यात गाव आहे, गुण आहे आणि माल आहे. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ म्हणतं की नुसता मालाचा प्रकार, दर्जा किंवा उगमाचं ठिकाण सांगणारं नाव नोंदवता येत नाही. उद्या सांगलीतला कुणीही माणूस आपल्या मसाल्याला सांगलीचा खास मसाला म्हणेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. एकाच घराला ते शब्द बांधून कसे देणार? दीर्घ वापरानं गिऱ्हाईकाच्या मनात ते नाव एकाच उत्पादकाशी जोडलं गेलं आहे हे सिद्ध केलं तर अपवाद आहे. पण त्याला वर्षानुवर्षांची विक्री, जाहिराती, बिलं असा मोठा ढीग लागतो.

त्या दुसऱ्या गृहस्थांना नावावरून अडवणं अवघड आहे. पाकिटाचा रंग, मांडणी, चित्र हुबेहूब तुमचं असेल तर तो वेगळा मुद्दा. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं याविरुद्ध नोंदणी नसतानाही दावा करता येतो, कलम २७ ने तो हक्क शाबूत ठेवला आहे. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून फोटो काढा, त्यांचं एक पाकीट बिलासकट विकत घेऊन ठेवा.

माझं मत विचाराल तर नाव बदला, आणि आत्ताच बदला. धंदा दुप्पट झाल्यावर बदलणं जास्त दुखतं.

अजिंक्यतारा७१

साताऱ्याहून लिहितोय. आमचा कंदी पेढ्याचा धंदा, आजोबांपासून. वारादादा म्हणतात माल चांगला तर गिऱ्हाईक शोधत येतं. येतं ना, पण शोधत शोधत दुसऱ्याच्या दुकानात शिरतं! हायवेला या आणि पाट्या बघा. सगळेच मूळ, सगळेच जुने. गावातला माणूस बरोबर जागी जातो, पण मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्या माणसाला काय कळणार? तो पहिली मोठी पाटी दिसली की गाडी थांबवतो.

'कंदी पेढा' हे शब्द कुणा एकाचे नाहीत आणि असूही नयेत, ते अख्ख्या साताऱ्याचे आहेत. म्हणूनच त्याच्या मागं लागणारं तुमचं स्वतःचं नाव पक्कं पाहिजे. आमच्या वडिलांनी दुकानाच्या नावाची नोंदणी केली तेव्हा पेठेत लोक हसले होते. आज पुण्यात कुणी आमच्या नावाची पाटी लावली की एक नोटीस जाते आणि पाटी उतरते.

माणदेशी_मुलगी

@अजिंक्यतारा दादा, पण नोंदणीआधीपासून नाव वापरणाऱ्याला काहीच हक्क नाही का? आमच्या विट्याकडं निम्म्या घरांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर आहेत. दुकानांची नावं आजोबांच्या काळातली, नोंदणी कुणाकडंच नाही. उद्या तिथल्या एखाद्यानं नोंदवलं तर?

कराडकर_वकील

ताई, आधीच्या वापराला कायदा फार मान देतो. कलम ३४ प्रमाणं, दुसऱ्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही नाव सतत वापरत असाल तर तो नोंदणीच्या जोरावर तुम्हाला थांबवू शकत नाही.

मिठाईचंच उदाहरण आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडै हलवा' प्रसिद्ध आहे. त्याच नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्यानं लावलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की आधीच्या वापरातून आलेला हक्क नोंदणीतून आलेल्या हक्कापेक्षा वरचढ आहे.

सह्याद्री_वारा

मग झालं की! आधी वापरणारा जिंकतो, तर नोंदणी हवी कशाला? मी हेच म्हणत होतो.

कराडकर_वकील

दादा, वरचढ आहे, पण तो कोर्टात दर वेळी नव्यानं सिद्ध करावा लागतो. नाव मी आधी वापरलं, लोक मला त्या नावानं ओळखतात, समोरच्यामुळं लोक फसतात आणि माझं नुकसान होतं, या सगळ्याचा पुरावा द्यायचा. नोंदणी असेल तर प्रमाणपत्रानं सुरुवात होते, सिद्ध करायचं ओझं पुष्कळ हलकं होतं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलम १३४. नोंदणी असेल तर दावा तुमच्या गावच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथं. नोंदणी नसेल तर ही सवलत नाही, सहसा समोरचा असेल तिथं किंवा फसवणूक घडली तिथं जावं लागतं. सांगलीच्या ताईंनी चटणीच्या पाकिटासाठी दिल्लीच्या कोर्टात तारखांना हजर राहायचं का? छोट्या माणसाला नोंदणी मोठ्यापेक्षा जास्त लागते ती यासाठी. मोठ्यांना दिल्लीत वकील ठेवणं परवडतं.

सह्याद्री_वारा

हे पटलं. कोर्टाच्या जागेचं डोक्यातच नव्हतं.

बेदाणा_भाऊ

तासगावहून राम राम. वर्गाचं कुणी बोललंच नाही अजून. एकूण वर्ग ४५. पहिले ३४ मालाचे, पुढचे ११ सेवांचे. आमच्या पाहुण्यांनी द्राक्षासाठी नाव नोंदवलं, वर्ग ३१, ताजी फळं. मग बेदाणा सुरू केला. सुकामेवा वर्ग २९ मध्ये येतो. तिथं तंवर दुसऱ्याचा अर्ज बसलेला. आता भांडण चालू हाय.

ताईंचा मसाला ३० मध्ये. पण लोणचं केलं तर २९. पापड, भडंग परत ३०. खानावळ काढली तर ४३.

कराडकर_वकील

भाऊंनी बरोबर सांगितलं, थोडी भर घालतो. वर्ग वेगळा म्हणजे हक्क संपलाच असं नसतं. द्राक्षं आणि बेदाणे एकमेकांशी जोडलेला माल आहे, गिऱ्हाईक तेच, बाजार तोच. तुमच्या पाहुण्यांनी तो मुद्दा मांडावा. पण ज्या धंद्यात पाऊल टाकायचं नक्की आहे त्या वर्गाचा अर्ज सुरुवातीलाच करणं शहाणपणाचं. नुसते वर्ग अडवून मात्र ठेवू नयेत. नोंदणीनंतर पाच वर्षं वापर झाला नाही तर कुणीही नाव काढून टाकायचा अर्ज करू शकतो.

वाईकर

थोडं अवांतर. माझ्या मित्राचं कोरेगावकडं गुऱ्हाळ आहे. त्याला गुळाच्या ढेपेवर शिवछत्रपतींचं नाव आणि चित्र टाकायचंय. साताऱ्याच्या मातीतला माणूस, श्रद्धेनं करतोय. मिळेल का?

कराडकर_वकील

नाही मिळणार. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. गांधीजी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांचीही आहेत. ट्रेडमार्कच्या कलम ९ मध्ये या कायद्याचा थेट उल्लेख आहे. श्रद्धा असली तरी मालावर महाराजांचं नाव नको, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. ढेपेवरचा कागद शेवटी उकिरड्यावर जातो.

अजिंक्यतारा७१

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्या मराठीत सक्तीच्या करणारी दुरुस्ती झाली, तेव्हाच दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी आली. फार बरं झालं. अजिंक्यताऱ्याचं नाव बारवर बघायची वेळ कुणावर येऊ नये.

पुण्यात_सांगलीकर

अवांतर चाललंच आहे तर विचारतो, ताई मिरची कुठली वापरता? ब्याडगी की संकेश्वरी?

चुलीजवळची

दोन्ही. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि तिखटाला थोडी लवंगी. प्रमाण सासूबाई कुणाला सांगत नाहीत, मलाही अंदाजानंच कळलंय.

बेदाणा_भाऊ

सांगू नका ताई. नाव नोंदवलं की जगाला दिसतं, प्रमाण घरातच ऱ्हाऊ द्या.

कृष्णामाई_घाट

ताईंच्या दोन नावांकडं येते. 'पेवघर' मला फार आवडलं. माझं माहेर हरिपूर. संगमाच्या अलीकडं जमिनीत खोल खणलेली पेवं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं गेली. आता ते नाव पाकिटावर तरी राहील.

वकीलसाहेब, पण मसाल्यात हळद असते आणि सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्याची अडचण नाही ना येणार?

कराडकर_वकील

अडचण नाही, मावशी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, बेदाण्याला २०१६ मध्ये. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्येच मिळालं होतं, कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये. मानांकन एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. ते विकता येत नाही की कुणाच्या एकट्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून 'सांगली हळद' हे कुणी स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून मागू शकत नाही. 'पेवघर' हे गावाचं नाव नाही, मालाचंही वर्णन नाही. मसाल्याला पेव म्हणत नाहीत. उद्या ताईंनी नुसती हळद विकायला काढली तर अर्ज तपासणारा परीक्षक एखादा प्रश्न विचारू शकतो, कारण पेवाचा हळदीशी संबंध आहे. मसाल्याला नाव भक्कम आहे.

आता सासूबाईंच्या नावाबद्दल. व्यक्तीचं नाव घेता येतं. कलम १४ प्रमाणं जिवंत व्यक्तीच्या किंवा गेल्या वीस वर्षांत निवर्तलेल्या व्यक्तीच्या नावासाठी लेखी संमती मागितली जाऊ शकते. सासूबाई घरातच आहेत, सही मिळेल. पण आक्का, माई, काकू अशा नावांची मसाल्यांत फार गर्दी आहे. शोध घेतलात की कळेल.

अर्जाआधी शोध घ्याच. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. वर्ग ३० टाका, नाव टाका, आणि उच्चारावरून शोधायचा पर्यायही वापरा. परीक्षक आणि कोर्ट दोघंही कानाला कसं लागतं ते पाहतात. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा खटला १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढला. साधा गिऱ्हाईक घाईत ऐकताना घोटाळ्यात पडेल इतकी नावं सारखी आहेत, असं न्यायालयानं म्हटलं. त्यामुळं स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदललं की नाव वेगळं झालं, या समजुतीवर विसंबू नका.

माणदेशी_मुलगी

मला एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे. अर्ज कुणाच्या नावानं करायचा हे आधी ठरवा.

आमच्या घरात दोन काका एकत्र धंदा करायचे. नाव आजोबांनी दिलेलं. मोठे काका गेले, मुलं वेगळी झाली, गाळा वाटला, यंत्रं वाटली, देणीघेणी वाटली. वाटणीपत्रात नावाचा एक शब्द नव्हता. आता दोन दुकानं, एकच नाव, आणि दिवाळीला कुणी कुणाच्या घरी जात नाही. पैशावरून एवढं कधी तुटलं नव्हतं. दोघांनाही वाटतं आजोबा आपल्याकडं आहेत.

ताई, तुम्ही चौघीजणी काम करता. आज सगळं गोड आहे. उद्या शेजारची एक वेगळी झाली आणि तिनंही हेच नाव लावलं तर? दुखवायचं म्हणून नाही, पण लिहून ठेवा.

कृष्णामाई_घाट

खरं आहे गं बाई. वाचून पोटात कालवलं.

चुलीजवळची

@माणदेशी_मुलगी, हे मी मनात आणलंच नव्हतं. त्या दोघी पगारावर नाहीत, जे मिळतं त्यात वाटा घेतात. मग नाव चौघींचं म्हणायचं का?

हिशेबनीस

ताई, आत्ता शॉप ॲक्ट आणि जीएसटी तुमच्या एकटीच्या नावावर आहे, म्हणजे कागदावर तुम्ही एकट्या मालक. अर्ज त्याच नावानं गेला तर ट्रेडमार्क तुमचा. वाटा घेणाऱ्या दोघींना खरोखर भागीदार करायचं असेल तर आधी भागीदारी पत्र करा. त्यात नाव कुणाचं आणि वेगळं झालं तर ते कुणाकडं राहील हे कलम घाला, मग अर्ज संस्थेच्या वतीनं भागीदारांच्या नावानं करा. बचत गट असेल तर आणखी वेगळा विचार. चौघी एकदा बसा, बोला. कामात ज्यांचा हात आहे त्यांना अंधारात ठेवून नाव नोंदवू नका, एवढंच माझं सांगणं.

अजिंक्यतारा७१

आणि पाकीट डिझाइन करणाऱ्याकडूनही लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याचं बोधचिन्ह ज्यानं काढलं, त्यानंच ते आपल्या नावावर अर्जात टाकलं होतं. आयत्या बिळावर नागोबा. चित्राचे सगळे हक्क तुमच्याकडं दिले, असं पैसे देतानाच कागदावर घ्यायचं.

वाईकर

शब्द नोंदवायचा की चित्रासकट? देवनागरीत की इंग्रजीत?

कराडकर_वकील

पैसे एकाच अर्जाचे असतील तर नुसता शब्द. शब्दाची नोंदणी असेल तर अक्षरांचं वळण, रंग, पाकीट काहीही बदला, संरक्षण राहतं. चित्रासकट नोंदवलं तर ते पूर्ण चित्र म्हणून धरलं जातं. बोधचिन्ह नंतर वेगळ्या अर्जानं घ्या, आणि रंगाची अट न घालता घ्या, म्हणजे सगळे रंग त्यात येतात.

देवनागरीत करता येतो. अर्जात त्याचा रोमन उच्चार आणि अर्थ लिहून द्यावा लागतो.

पुढचा प्रवास असा असतो. अर्ज गेला की क्रमांक मिळतो, त्या दिवसापासून नावापुढं 'टीएम' लावा. खरं तर ते अर्जाशिवायही लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र प्रमाणपत्र आल्याशिवाय लावायचा नाही, नोंदणी नसताना लावणं कायद्यानं दंडनीय आहे. मग परीक्षण अहवाल येतो. त्यात आक्षेप असेल तर उत्तराला ३० दिवस मिळतात. 'ऑब्जेक्टेड' हा शब्द दिसला की लोक घाबरून सोडून देतात. घाबरू नका, नीट उत्तर दिलं तर पुष्कळ आक्षेप सुटतात. सोडून दिलंत तर अर्ज मेला. मंजूर झाला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने कुणालाही विरोध करायची मुभा असते. विरोध आला तर तुमचं म्हणणं दोन महिन्यांत दाखल झालंच पाहिजे, ती मुदत वाढत नाही. ईमेल रोज बघायची सवय लावा. कागदी पत्राची वाट बघत बसणाऱ्यांचे अर्ज इथंच पडतात.

अर्जात एक रकाना वापराच्या तारखेचा असतो. आधीपासून वापर असेल तर शपथपत्र आणि पुरावे लागतात, पहिलं बिल, पाकिटाच्या छपाईचं बिल, जाहिरात. ताईंचं नाव नवीन आहे, त्यामुळं 'वापरायचा विचार आहे' असं लिहायचं. ओढूनताणून जुनी तारीख टाकू नका. पुढं विरोध झाला तर पहिला घाव तिथंच बसतो.

सह्याद्री_वारा

मी सुरुवातीला नको म्हणालो होतो, आता मीच विचारतो. माझं फलटणला शिलाईचं दुकान आहे, शाळेचे गणवेश. नाव माझं आडनाव. आडनाव नोंदवता येतं का? आमच्या आडनावाचे फलटणात शंभर लोक असतील.

कराडकर_वकील

येतं, पण सर्रास आढळणारं आडनाव एकट्याचं म्हणून मिळायला जड जातं, आणि मिळालं तरी कलम ३५ प्रमाणं दुसरा माणूस स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरत असेल तर त्याला अडवता येत नाही. आडनावाला जोडून काही वेगळा शब्द घ्या. गणवेशाला वर्ग २५.

चुलीजवळची

मंडळी, चौघी बसलो. सासूबाईंनीच विषय मिटवला. म्हणाल्या, माझं नाव नको, मी काय कायमची आहे का, पेवाचं नाव ठेवा. 'पेवघर' वर्ग ३० मध्ये शोधून पाहिलं, उच्चारावरूनही पाहिलं, जवळपास काही निघालं नाही. त्या दोघी भागीदार व्हायला तयार आहेत, म्हणून आधी भागीदारी पत्र करतोय. नावाचं कलम हिशेबनीसदादांनी सांगितलं तसं घातलंय. पत्र झालं की अर्ज.

जुनी 'सांगली स्पेशल'ची पाकिटं संपेपर्यंत त्यावर नव्या नावाचा शिक्का मारावा म्हणते, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकांना कळेल. चालेल ना? त्या दुसऱ्या गृहस्थांशी भांडायचं मी सोडून दिलं. दोघांच्याही नावात सांगलीच होती, आणि ती काही माझ्या एकटीची नाही.

कराडकर_वकील

उत्तम. शिक्का चालेल, उलट चांगलंच, नव्या नावाच्या वापराचा पहिला पुरावा तयार होतो. शिक्का मारलेलं पाकीट, त्या दिवसाचं बिल आणि कुरिअरची पावती एका फायलीत ठेवा. बिलावरही नवं नाव आलं पाहिजे, म्हणून जीएसटीतलं व्यापारी नाव बदलून घ्या. अन्न परवाना, उद्यम आणि शॉप ॲक्टलाही भागीदारीप्रमाणं बदल लागतील, ते हिशेबनीस बघतील.

हिशेबनीस

बघतो. ताई, भागीदारीला नवीन पॅन निघेल, म्हणून जीएसटीही नवीन घ्यावा लागेल. जुना आधी बंद करू नका. शिल्लक माल आणि कर नव्याकडं वळवल्यावर बंद करायचा. निरोप पाठवा.

तंबोरा_मिरज

उशिरा आलो. आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. मग मला माझ्या कारखान्याच्या नावाचा वेगळा ट्रेडमार्क लागेल का? आणि दुसरं, एका ओळखीच्यांनी अर्ज केल्यावर त्यांना पैसे भरा म्हणून फोन यायला लागलेत. ते खरे असतात का?

कराडकर_वकील

लागेल. मानांकन सांगतं की तानपुरा मिरजेचा आहे. तो मिरजेतल्या कुठल्या घराचा, हे तुमचा ट्रेडमार्क सांगतो. वाद्यांना वर्ग १५. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणूनही वेगळी नोंद करून घ्या, ती चेन्नईच्या कार्यालयात होते.

त्या फोनवर एक रुपयाही भरू नका. अर्ज केला की नाव आणि पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यावरून असले लोक फोन करतात, सरकारी वाटणारी पत्रंही पाठवतात. कार्यालय फी मागायला फोन करत नाही. जी फी आहे ती संकेतस्थळावर अर्ज दाखल करतानाच भरली जाते. अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघायची, आणि तिथं दिसत नाही ते खोटं धरायचं.

तंबोरा_मिरज

आभारी आहे, साहेब. त्यांना आत्ताच कळवतो.